पत्र पावलं, मजकूर कळला

पानिपत, हुंडी आणि इटलीतला एक चिडका व्यापारी, असा आजचा बेत आहे. पण त्याआधी माझी एक फजिती सांगतो, कारण आजचा विषय तिथूनच सुचला.

बीटेक होऊन दोनेक वर्षं झाली होती. नोकरी चालू होती आणि शनिवार-रविवारी मी आणि एक मित्र मिळून छोटी कामं घ्यायचो. मार्केट यार्डातल्या एका अडत्याकाकांना आम्ही पट्ट्यांचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा हिशोब: माल किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती आले. सहा महिने सगळं छान चाललं. मग एका शुक्रवारी रात्री मी अपडेट टाकलं आणि शनिवारी सकाळी काकांचा मेसेज आला, ‘तोलाई दोनदा कापली जातेय. बघ जरा.’

मी मेसेज वाचला. निळ्या टिका गेल्या. मनात म्हटलं, आधी दुरुस्त करतो, मग उत्तर देतो. नुसतं ‘बघतोय’ काय लिहायचं? चूक लगेच सापडेना. दुपारी काकांचा फोन आला, मी उचलला नाही. सांगणार काय? संध्याकाळी परत आला, परत नाही उचलला. रविवारी रात्री अकराला चूक सापडली, दुरुस्त झाली आणि मी मोठ्या अभिमानाने लांबलचक मेसेज पाठवला.

सोमवारी काका शांतपणे म्हणाले, ‘बाळा, चूक झाली त्याचं काही नाही. माझ्या गाळ्यावर रोज चुका होतात. पण शनिवारी दारात शेतकरी उभे होते. त्यांना मी काय सांगायचं? तू नुसतं म्हणाला असतास की उद्यापर्यंत लागेल, तर मी पट्ट्या हाताने लिहिल्या असत्या.’ त्या महिन्याचे पैसे त्यांनी चोख दिले आणि काम बंद केलं. शेजारच्या दोन गाळेवाल्यांना ते आमचं नाव सांगणार होते, तेही गेलं.

मला तेव्हा वाटलं, काय हे, दोन दिवसांत प्रॉब्लेम सोडवला तरी राग? काकांचं म्हणणं डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. शिरलं तेही इतिहास वाचताना. तर चला, मागे जाऊया. साल १७६१.

मोत्यांचं पत्र

१४ जानेवारी १७६१. पानिपत. युद्धाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. आज त्यानंतरचे काही दिवस बघू.

नानासाहेब पेशवे त्या वेळी मदतीला म्हणून उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्याकडे बातमीच नव्हती. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊसाहेबांचा दिल्लीकडचा रस्ता तोडला. तिथून पुढे छावणीतून पत्र बाहेर काढणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. डिसेंबरमध्ये रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि उरलासुरला आधारही गेला. पेशव्यांचा सख्खा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव तिकडे होते, आणि इकडे नुसत्या अफवा.

जानेवारीच्या अखेरीस पेशव्यांच्या हाती एक कासिद लागला. कासिद म्हणजे पत्रं घेऊन धावणारा निरोप्या. हा सरकारी नव्हता. सावकारांचा होता. त्याच्याजवळ उत्तरेतल्या सावकाराने औरंगाबादच्या सावकारांना लिहिलेलं पत्र होतं. ही गाठ नर्मदेकाठी पडली असं ग्रँट डफ लिहितो. इतर बऱ्याच ठिकाणी भेलसा, म्हणजे आजचं विदिशा, असं सांगितलेलं असतं. पत्रातला मजकूर मात्र प्रसिद्ध आहे. तो सगळा सांकेतिक होता. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे सुटी नाणी, इथे अर्थ सामान्य शिपाई.

मुलगा गेल्याची बातमी बापाला अशी, दुसऱ्याच्या पत्रातून कळली. नानासाहेब त्यातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ ला, पाचच महिन्यांत, पुण्यात पर्वतीवर त्यांचं निधन झालं.

आपण हे पत्र नेहमी शोकाचं पत्र म्हणून ऐकतो. पण जरा त्या सावकाराच्या जागी बसून बघा. ते त्याचं कामाचं पत्र होतं. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात एक तपशील दिलाय: पानिपतहून औरंगाबाद नऊ दिवसांत गाठायचं, असा त्या कासिदाशी ठराव होता. नऊ दिवस! हे अंतर हजार किलोमीटरपेक्षा कितीतरी जास्त आहे. ते जमलं असतं की नाही ते सोडा. मुदत ठरवून माणूस धाडला होता, हे महत्त्वाचं. आपल्या भाषेत सांगायचं तर डिलिव्हरीची वेळ आधीच बोलून ठेवली होती.

एवढी घाई का? कारण औरंगाबादच्या सावकारांचा पैसा मराठी राज्यात गुंतलेला असणार. कुणाला कर्ज दिलेलं, कुणाच्या हुंड्या फिरत असलेल्या. ज्यांच्या भरवशावर पैसा दिला, ते सरदार आता जिवंतच नव्हते. ही गोष्ट चार दिवस आधी कळणं आणि चार दिवस उशिरा कळणं यात पेढी राहते की बुडते एवढा फरक पडू शकतो.

आता त्या पत्राची रचना परत बघा. जे नक्की माहीत आहे ते आकड्यात सांगितलं: दोन आणि सत्तावीस. जे माहीत नाही तेही सरळ सांगितलं: मोजदाद नाही. सगळी मोजणी पूर्ण होऊ दे, मग लिहितो, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर ते पत्र महिनाभर निघालं नसतं.

मी शनिवारी नेमका तिथेच चुकलो होतो. माझी मोजणी पूर्ण व्हायची होती ना!

हुंडी चालायची कशावर?

सावकारांना पत्रांची एवढी शिस्त का होती, हे कळायला हुंडी समजून घ्यावी लागते. एका मिनिटात सांगतो.

समजा तुम्ही पेशवाईतल्या पुण्यात आहात आणि काशीला एक हजार रुपये पोचवायचेत. रोकड घेऊन निघालात तर वाटेत लुटले जाल. म्हणून तुम्ही पुण्यातल्या सावकाराकडे पैसे भरता. वर त्याची हुंडणावळ देता, म्हणजे आजच्या भाषेत कमिशन. तो तुम्हाला एक कागद देतो, ती हुंडी. काशीत त्या सावकाराचा आडत्या असतो, त्याला ती दाखवली की पैसे मिळतात. दाखवल्याबरोबर पैसे मिळाले तर दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळाले तर मुदती हुंडी.

हुंडीवर रक्कम लिहिताना तिची निम्मी रक्कमही लिहायचे: रुपये हजार, निमे पाचशे, त्याची दुप्पट. कुणी मध्येच एक शून्य वाढवलं तर लगेच पकडलं जाईल. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हा चेकसमच झाला की! हुंडी हरवली तर दुसरी प्रत काढायचे, तिला पेठ म्हणायचे. तीही हरवली तर तिसरी, परपेठ. म्हणजे निरोप वाटेत हरवणार हे गृहीत धरूनच ही सगळी रचना केलेली होती.

पण खरी गंमत पुढे आहे. हुंडी तुमच्या हातात दिली की सावकाराचं काम संपत नव्हतं. त्याने आपल्या काशीच्या आडत्याला वेगळं पत्र लिहायचं: अमुक माणसाला, अमुक रकमेची, अमुक मितीची हुंडी तुमच्यावर केली आहे, ती वटवावी. हे आगाऊ कळवणं फार मोलाचं. कारण कळवलेलं नसेल तर काशीचा आडत्या विचारात पडतो. हुंडी खरी की खोटी? पैसे द्यावे की थांबावं? तो थांबला की हुंडीवाला दारात उभा राहतो. दारात उभा असलेला माणूस गप्प बसत नाही, चार जणांना सांगतो की अमक्याची हुंडी अडली. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर होतं आणि पुण्यात बसलेल्या सावकाराची पत काशीत खाली येते. त्याच्या तिजोरीत पैसे पुरेसे असतात. कमी पडलेलं असतं ते एक पत्र.

नरसी मेहतांची हुंडी तुम्ही ऐकली असेल. द्वारकेच्या सावळशा शेठवर हुंडी लिहिली, तिथे असा कुणी शेठच नव्हता, शेवटी देवानेच रूप घेऊन ती वटवली. गोष्ट सुंदर आहे. पण बाकीच्या सावकारांसाठी देव येत नव्हता, त्यांना पत्रच लिहावं लागायचं.

आणि पत्र पाठवून भागत नव्हतं, ते मिळालं हेही कळायला हवं. जुनी मराठी पत्रं वाचलीत तर सुरुवातीला बहुतेकदा हेच दिसतं: आपण पत्र पाठवलं ते पावलं, मजकूर कळला. मग पुढचं बोलणं. पेशवे दफ्तरातल्या कितीतरी मोडी पत्रांवर आणखी एक छोटी नोंद असते, ‘पैवस्ती’ची. म्हणजे पत्र कधी हाती आलं ती तारीख. लिहिणाऱ्याची तारीख वेगळी, मिळाल्याची वेगळी. कारकून पत्र हातात घेतल्यावर ती घालायचा.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: पोच. पत्राची पोच, पैशाची पोच, मालाची पोच. आणि याच शब्दाने आपण माणसाचाही अंदाज घेतो. ‘त्याला पोच नाही’ म्हणजे कुठे कसं वागायचं ते त्याला कळत नाही. मी काकांना पोच दिली नव्हती, आणि मला पोच नव्हती. दोन्ही वाक्यं खरी!

प्रातोचा चिडका शेठ

आता तुम्ही म्हणाल, ही आपल्याकडचीच पद्धत होती का? मलाही हा प्रश्न पडला. उत्तर शोधताना पानिपतच्याही साडेतीनशे-चारशे वर्षं मागे, इटलीत जाऊन पोचलो. तिकडे का? कारण तिथल्या एका व्यापाऱ्याचे जवळजवळ सगळे कागद आज शाबूत आहेत. त्यामुळे पत्रांवर धंदा कसा उभा राहतो ते फार जवळून बघता येतं.

फ्रान्चेस्को दातिनी. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावचा. जन्म १३३५ च्या सुमाराचा. १३४८ च्या भयंकर प्लेगमध्ये आई-वडील गेले. पंधराएक वर्षांचा असताना हा मुलगा फ्रान्समधल्या अव्हिन्याँला गेला. तेव्हा पोप तिथे राहायचे, त्यामुळे धंदा जोरात होता. तिथे त्याने पैसा केला, मग १३८० च्या दशकात गावी परतला. पुढे पिसा, जेनोव्हा, फ्लॉरेन्स, बार्सेलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का अशा ठिकाणी त्याच्या पेढ्या झाल्या. लोकर, कापड, मसाले, मीठ, सगळं.

आता विचार करा. माणूस बसलाय प्रातोत किंवा फ्लॉरेन्समध्ये आणि भागीदार बसलेत समुद्रापलीकडे. फ्लॉरेन्सहून बार्सेलोनाला पत्र जायला साधारण तीन आठवडे लागायचे. त्याचं उत्तर यायला आणखी तीन. कारभार हाकायचा कसा? पत्रांनी. १८७० साली त्याच्या घरातल्या जिन्याखालच्या बंद जागेत पोत्यांमध्ये भरलेले कागद सापडले. त्यात सुमारे दीड लाख पत्रं होती, आणि पाचशेहून जास्त हिशोबाच्या वह्या.

दातिनी रात्री-रात्री बसून पत्रं लिहायचा. भागीदारांना झापायचा, बायकोलाही पत्रातून सूचना द्यायचा. स्वभावाने कटकट्याच म्हणा ना! पण त्या पत्रांवर एक गोष्ट दिसते, ती बघून मी थबकलो. पत्र हातात आलं की घेणाऱ्या पेढीत त्यावर ते कुठून आलं आणि कोणत्या तारखेला आलं हे लिहून ठेवायचे. उत्तर दिलं की तेही नोंदवायचे. म्हणजे पैवस्तीच! त्या तारखांवरूनच इतिहासकारांनी नंतर हिशोब मांडला की चौदाव्या शतकात कुठून कुठे पत्र जायला किती दिवस लागायचे.

पत्र उघडलं की आधी तीच सुरुवात. तुमची अमुक तारखेची पत्रं मिळाली, अमुक पत्राला मी आधीच उत्तर दिलंय. महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचे. पेठ आणि परपेठ आठवली?

पुण्याचा सावकार आणि प्रातोचा दातिनी यांनी एकमेकांचं नावही ऐकलं असायचं कारण नाही. तरी दोघांकडे त्याच सवयी. मला याचं कारण सरळ वाटतं. दूर बसलेल्या माणसाच्या हातात आपला पैसा आहे आणि तो काय करतोय ते दिसत नाही. अशा वेळी विश्वास ठेवायला एकच गोष्ट असते: तो कळवतो का? वेळेवर कळवतो का? वाईट असलं तरी कळवतो का? एक-दोन वर्षं असं नियमाने चाललं की तुम्ही त्याला मोठी रक्कम सोपवता. तो दुसऱ्याचं नाव सुचवतो आणि त्याच्या शब्दावर तुम्ही त्या दुसऱ्यालाही माल देता. ओळखी अशा वाढतात, धंदा असा वाढतो. दातिनी १४१० मध्ये वारला. औरस वारस नव्हता, म्हणून बहुतेक सगळी संपत्ती त्याने प्रातोच्या गरिबांसाठी एका धर्मादाय संस्थेला दिली. आणि कागदपत्रं जपून ठेवा असंही सांगून गेला.

मग काय, चोवीस तास ऑनलाइन राहायचं?

हा प्रश्न मला मित्रांनी लगेच विचारला. ‘म्हणजे रात्री दोनला क्लायंटने पिंग केलं तरी उत्तर द्यायचं का?’

नाही हो. उलट या जुन्या लोकांकडून मला इथे दिलासा मिळाला. फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन टपालाची सोय केली होती, आणि तिची थैली निघायची तेव्हाच पत्रं जायची. सावकाराचा कासिदही दर तासाला सुटत नव्हता. तत्परता म्हणजे पुढची थैली चुकवायची नाही, एवढंच. पुढचा निरोप्या निघेल त्याच्याबरोबर पोच गेली पाहिजे. उत्तर तयार असो वा नसो.

आपल्या कामात ही ‘पुढची थैली’ आपणच ठरवू शकतो. आमच्या टीमसाठी मी ती ठरवली: कामाच्या वेळेत आलेल्या निरोपाला अर्ध्या तासात पोच, रात्री आलेल्याला सकाळी पहिल्यांदा. पोच म्हणजे अंगठ्याचं चिन्ह नव्हे. अंगठ्यावरून समोरच्याला कळत नाही की वाचलं, पटलं की करायला घेतलं. पोच म्हणजे तीन वाक्यं. काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही, आणि परत कधी सांगतो. पहिली दोन त्या मोत्यांच्या पत्रातून घेतली आहेत. तिसरं, म्हणजे मुदत, कासिदाच्या नऊ दिवसांवरून.

आणि हो, तिसरं वाक्य फार धोक्याचं आहे. ‘चार वाजता सांगतो’ म्हटलं की चार वाजता सांगायचंच, मग तोवर काहीही सापडलेलं नसलं तरी. ‘अजून शोधतोय, सहाला परत सांगतो’ एवढं लिहायला जिवावर येतं. मला आजही येतं. आपण हुशार नाही असं दिसेल, ही भीती असते. पण पलीकडच्या माणसाला आपली हुशारी नको असते. त्याच्याही दारात कुणीतरी उभं असतं. त्याला काय सांगायचं एवढंच त्याला हवं असतं.

मध्यंतरी ऑफिसात असाच घोळ झाला. एका ग्राहकाच्या ऑर्डरी दुसऱ्या गोदामाकडे जात होत्या. कारण माहीत नव्हतं. हात थरथरत होते, पण दहा मिनिटांत तीन वाक्यं पाठवली. तिकडून उत्तर आलं, ‘ठीक आहे, तोवर आम्ही गाड्या थांबवतो.’ चूक सापडायला पाच तास लागले. त्या पाच तासांत एकही गाडी चुकीच्या गोदामाला गेली नाही. थांबवणं माझ्या हातात नव्हतंच, त्यांच्या हातात होतं. त्यांना वेळेत कळलं म्हणून त्यांनी ते केलं.

काकांचं काम मात्र परत मिळालं नाही. त्यांच्या पट्ट्या आता दुसरं कुणीतरी बनवतं. मी दिवाळीला फोन करतो, ते नीट बोलतात, पण धंद्याचा विषय दोघंही काढत नाही. पत अशीच असते बहुतेक. मी एकदाच विचारलं होतं, ‘काका, त्या शनिवारी मग शेतकऱ्यांना काय सांगितलंत?’ ते म्हणाले, ‘काय सांगणार? कापलेली तोलाई माझ्या खिशातून दिली आणि घरी पाठवलं. लांबून आलेली माणसं, त्यांना थांबवून कसं चालेल?’ त्यांनी त्या पैशांचा एका शब्दानेही मला हिशोब मागितला नव्हता.

तर मंडळी, हा भाग ऐकून झाला की एक काम करा. तुमच्या फोनमध्ये असा एक तरी मेसेज असेल, जो वाचलाय आणि ‘नीट उत्तर देऊ’ म्हणून ठेवून दिलाय. त्याला आज पोच द्या. उत्तर नंतर दिलं तरी चालेल.

पुढच्या भागात भेटू. बहुत काय लिहिणे, लोभ असावा!